पोळी, टॅपेट आणि पहिली वीस मिनिटं

गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने त्याच्या 1970च्या शेव्हरोले कॅमारोचा ऑइल फिल्टर कापून माझ्यापुढे धरला. आतल्या घड्यांच्या कागदावर चांदीची पूड सांडावी तशी चमक: झिजलेल्या धातूचा चुरा. इंजिनचं काम होऊन गाडी चाळीस मैलही चालली नव्हती. "तेल तर सगळ्यात महागातलं घातलं होतं," तो म्हणाला. आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो. इथे दर ऑगस्टमध्ये वूडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते आणि तिच्यासाठी बरीच इंजिनं घाईघाईत बांधली जातात.

इंजिन 350 घन इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. अशा कामाचा बेत आखताना सगळी चर्चा अश्वशक्तीची. ब्लॉकच्या मागे ओतलेला क्रमांक बघायचा (याचा 3970010, अगदी सर्रास सापडणारा), 4 इंचांचे सिलिंडर झिजले असतील तर 4.030 इंचांपर्यंत बोअर करायचे, की 350चं 355 होतं. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवायच्या, कारण पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि त्याबरोबर सीटला मिळणारं संरक्षणही. हे सगळं मशीन शॉपवाला करून देतो. कागदावर कुणीच लिहीत नाही ती गोष्ट म्हणजे टॅपेट, म्हणजे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, उंचवट्यांच्या फिरत्या दांड्याचा) धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारे छोटे दंडगोल, फिरणार कसे.

फिरणार? टॅपेट तर वरखाली होतो ना? शाळेतल्या आकृतीत तसंच असतं: कॅमचा उंचवटा आला की टॅपेट वर, गेला की खाली. पण या इंजिनातले सोळाही टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवतीही फिरत असतात, आणि फिरले नाहीत तर मरतात.

त्यांना 'फ्लॅट' टॅपेट म्हणतात, पण ते सपाट नसतात. 0.842 इंच व्यासाच्या त्या दंडगोलाचा तळवा मधोमध जेमतेम 0.002 इंच फुगीर असतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. खालचा कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, एका कडेला तितकाच नकळत उतरता असतो. शिवाय टॅपेट लोबच्या बरोबर मध्यावर न बसवता जरासा सरकवून बसवलेला. परिणाम एकच: दोघांचा स्पर्श तळव्याच्या केंद्रात होत नाही, बाजूला होतो. आता पोळी आठवा. लाटण्यावर एका बाजूला जरा जास्त जोर दिला की पोळी पोळपाटावर आपोआप गरकन फिरते. लाटणं तिला सरळच ढकलत असतं, पण केंद्राबाहेर ढकलतं म्हणून ती वळते. लोब हे लाटणं आणि टॅपेटचा तळवा ही पोळी. प्रत्येक फेरीत तळव्याचा नवा भाग घासायला पुढे येतो. मला हे इंजिनातल्या इतर कुठल्याही कारागिरीपेक्षा जास्त आवडतं.

फिरणं थांबलं की तीच एक रेघ पुन्हा पुन्हा घासते. फुगवटा जातो, उतार जातो, आणि ज्यामुळे फिरायचं तेच संपल्यावर टॅपेट पुन्हा कधीच फिरत नाही. शेजाऱ्याचे टॅपेट काढून आम्ही अठरा अंड्यांच्या खोक्यात क्रमाने मांडले, तेव्हा तीन जण तळव्याला बशीसारखे खोलगट झाले होते.

आता तेल. लोबच्या नाकाजवळ, म्हणजे त्याच्या टोकाजवळ, स्पर्शाच्या जागेत तेल ओढून नेणारा वेग फार कमी होतो, आणि भार मात्र दर चौरस इंचाला लाखाहून अधिक पौंड. तिथे तेलाचा द्रव थर टिकत नाही, धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. वाचवतं ते तेलातलं एक रसायन, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. घासण्याच्या दाबाने आणि उष्णतेने ते तुटतं आणि नेमकं त्याच ठिकाणी फॉस्फेटचा काचेसारखा थर जमतो, जाडी साधारण 100 नॅनोमीटर. थर झिजतो, पुन्हा जमतो. गॅरेजमध्ये सगळे याला 'झिंक' म्हणतात, पण खरं काम फॉस्फरसचं. हाच फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून 2004च्या अमेरिकन मानकाने पातळ ग्रेडच्या तेलांत त्याची कमाल मर्यादा 0.10 टक्क्यांवरून 0.08 टक्क्यांवर आणली. काहीजण म्हणतात तसं हे पर्यावरणवाल्यांचं कारस्थान नव्हे. 350 इंजिनात 1987पासून तळाला छोटं चाक असलेले रोलर टॅपेट येऊ लागले, नव्या गाड्यांना एवढ्या फॉस्फरसची गरजच उरली नव्हती. शेजाऱ्याचं महागातलं तेल खरोखर उत्तम होतं, दुसऱ्याच इंजिनासाठी.

मग वरून झिंकच्या बाटल्या ओतायच्या? एक ओतली तर बरं, मग तीन ओतू, हे रेडिएटरला लिंबू-मिरची बांधण्याइतकंच शास्त्रीय आहे. एका मर्यादेपलीकडे हीच रसायनं धातूला खाऊ लागतात. जुन्या कॅमसाठीच बनवलेलं तेल मिळतं, ते घ्यावं.

शेजाऱ्याची दुसरी चूक तेलाहून मोठी होती. इंजिन सुरू झाल्यावर तो ते मंद ठेवून कार्बोरेटर लावत बसला. नवीन गोष्ट हळू चालवावी, हा समज इथे घातक आहे. या इंजिनात कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) फिरण्याने उडालेल्या शिंतोड्यांतून मिळतं, आणि मंद गतीत शिंतोडे कमी. शिवाय मंद गतीत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर नाकावर येतो, वेग वाढला की जडत्व त्यातला काही वाटा उचलतं. म्हणून सुरू होताच मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या वर, कमी-जास्त करत, वीस मिनिटं चालवायचं. त्याआधी डिस्ट्रिब्यूटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा. तेलाचा दाब चढला की ड्रिल हातात एकदम जड लागतं.

नवा कॅम आणला, सोळा नवे टॅपेट आणले. टॅपेट झाकून टाकणारं इनटेक मॅनिफोल्ड बसवण्याआधी प्रत्येक टॅपेटच्या वरच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढली आणि शेजारी क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवू लागला. पंधरा रेघा सरकल्या. पाचव्या सिलिंडरची एक तिथेच. टॅपेट बाहेर काढला तर त्याच्या भोकाच्या काठावर वाळलेल्या जुन्या तेलाचा तपकिरी थर. चिंधीने आणि सॉल्व्हंटने तो घासला, टॅपेटला तेल लावून परत सोडला. शेजाऱ्याने पाना ओढला. टॅपेट वर आला, खाली गेला, आणि रेघ हळूच डावीकडे सरकली.