लहान मुलांमधील सांध्याचा जंतुसंसर्ग

सांध्याच्या पोकळीत जीवाणू शिरून पू होण्याला सेप्टिक आर्थ्रायटिस म्हणतात. मुलांमध्ये तो बहुधा एकाच सांध्यात, त्यातही गुडघ्यात किंवा खुब्यात होतो. जंतू सहसा रक्तावाटे येतात, वर जखम दिसेलच असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा नेहमीचा जंतू.

खुबा सर्वांत धोक्याचा. आत दाब वाढला की मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पुवाने कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजते. उपचार लांबला तर पाय आखूड राहू शकतो.

मोठे मूल पाय टेकायला नकार देते. तान्ह्या बाळाचे कळणे अवघड, कारण त्याला कधीकधी तापही नसतो. लंगोट बदलताना ते किंचाळते. एक पाय जोरात झाडते, दुसरा दुमडून बाहेरच्या अंगाला पडलेला असतो. ‘कालपासून हा पाय उचलतच नाही’ हे आईचे वाक्य डॉक्टरांनी कोणत्याही रिपोर्टइतकेच गंभीरपणे घ्यावे. मुंबईत बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाई अशा वेळी लचक समजून पाय चोळतात. तो मुळीच चोळू नये. पावसाळ्यात ताप आणि सांधेदुखी म्हटली की चिकुनगुनिया आठवतो. पण त्यात सहसा अनेक सांधे धरतात. क्षयाचा सांधा आठवडे-महिने घेत सुजतो, हा एकदोन दिवसांत.

बोस्टनच्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये खुब्यासाठी चार खुणा मांडल्या: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पाय न टेकणे, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ४०च्या वर, पांढऱ्या पेशी १२,०००च्या वर. पुढे सीआरपी या दाह दाखवणाऱ्या आणखी एका रक्ततपासणीची जोड मिळाली. नवजात बाळांवर मात्र या खुणांची भिस्त ठेवता येत नाही. एक्स-रे सुरुवातीला साफ असू शकतो, सोनोग्राफीत खुब्यातले पाणी दिसते. निर्णायक पुरावा सुईने काढलेल्या त्या पाण्याचा. मूल फार आजारी नसेल तर ते पाणी आणि रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) गेल्यावरच अँटिबायोटिक सुरू करावे. आधीच दिलेल्या डोसांमुळे कल्चर कोरे येऊ शकते.

खुब्यात पू असेल तर तातडीने सांधा उघडून धुतात. शिरेतून औषध सुरू होते. ताप आणि सीआरपी उतरल्यावर तोंडावाटे. गुंतागुंत नसेल तर साधारण दोन ते तीन आठवडे, नवजात बाळांना अधिक. परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिशल्यचिकित्सक एकाच छताखाली भेटतात. जखम भरली तरी मूल वाढीच्या वयात असेपर्यंत पायाची लांबी मोजत राहावी लागते.