आउटबोर्डवर लिहिलेली एचपी आणि पंख्यापर्यंत पोहोचणारी एचपी

“इंजिनवर ४० लिहिलंय, पण ४० ची ताकद लागत नाही.” आउटबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाबद्दल, ही तक्रार आमच्याकडे सतत येते, आणि तिच्यासोबत बहुतेक वेळा इंजिन खोलून बघण्याचा आग्रहही येतो. इंजिन खोलायच्या आधी हे पत्रक वाचा. तुमचे दोन-तीन दिवस वाचतील.

आकडा कुठला, ते आधी बघू. आजच्या आउटबोर्डवर जी एचपी (अश्वशक्ती) लिहिलेली असते ती पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवर मोजलेली असते. म्हणजे गिअर, बेअरिंग आणि पाण्याचा पंप यांनी खाल्लेली ताकद आधीच वजा झालेली असते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बरेच उत्पादक क्रँकशाफ्टवरची, म्हणजे गिअरच्या आधीची, ताकद लिहीत. त्यामुळे त्या काळातलं जुनं ४० आणि आजचं ४० यांची थेट तुलना करू नका. प्लेटवर किलोवॅट असतील तर २९.४ किलोवॅट म्हणजे मेट्रिक ४० एचपी. ब्रिटिश पद्धतीच्या एचपीत तोच आकडा ३९.४ येतो. ही अर्ध्या एचपीची तूट फक्त हिशेबातली आहे, इंजिनात काही कमी नसतं.

आउटबोर्डसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या आयकोमिया २८ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्के वर-खाली चालतं. दहा टक्के ऐकून ग्राहक दचकतात. पण पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून दहा टक्के ताकद गेली तर वेग जेमतेम पाच टक्के कमी होतो. ताशी ४० किलोमीटर धावणारी बोट ३८ वर येईल. तुमची बोट ४० वरून ३० वर आली असेल, तर त्याचा दोष प्लेटवरच्या आकड्याला देता येणार नाही.

मग ताकद जाते कुठे? जवळजवळ नेहमी चुकीच्या पंख्यात.

प्लेटवरची एचपी एका ठरावीक फेऱ्यांवरच मिळते. समजा ४० एचपीच्या इंजिनाचा पूर्ण थ्रॉटलचा पट्टा, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर फेरे ज्या मर्यादेत असायला हवेत ती, ५००० ते ६००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आहे आणि ४० चा आकडा ५५०० वर मोजलेला आहे. तुमच्या बोटीवर माणसं, सामान आणि भरलेली टाकी धरून इंजिन पूर्ण थ्रॉटलला ४७०० च्या वर जातच नसेल, तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच धरला तरी हातात ३४ एचपीच येते. इंजिन धडधाकट असतं, पंखा त्याला फिरू देत नाही. शिवाय असं दाबून चालवलेलं इंजिन जास्त तापतं, कार्बन धरतं आणि पिस्टनवर ताण घेतं.

पंख्याच्या हबवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ११ आणि १३. पहिला व्यास, दुसरा पिच (एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर), दोन्ही इंचात. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. वरच्या उदाहरणात १३ च्या जागी १० पिचचा पंखा लावला तर फेरे ५१५० ते ५३०० च्या आसपास जातील, म्हणजे पट्ट्यात येतील. बरेच जण वेग वाढेल म्हणून उलट मोठ्या पिचचा पंखा बसवतात. जड बोटीवर त्याने वेग उतरतो. पिच फार कमी केला तर इंजिन पट्ट्याबाहेर पळतं, तेही नको.

म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच प्रश्न विचारतो: पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती येतात? बहुतेकांकडे उत्तर नसतं. “आवाजावरून कळतं” याला आम्ही मोजमाप धरत नाही. ड्रममध्ये बुडवून किंवा नळाच्या पाण्यावर पूर्ण थ्रॉटल देऊनही काही कळत नाही, उलट इंजिनाचं नुकसान होतं.

चाचणी पाण्यातच घ्या. नवीन इंजिनाचे रनिंग-इनचे (सुरुवातीला जपून चालवायचे) तास झालेले असावेत. नेहमीचा भार ठेवा, शांत पाणी निवडा, ट्रिम (इंजिनाचा कल) नीट करा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे स्थिरावले की आकडा टिपा. मग वळून उलट दिशेनेही तेच करा, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा फरक निघून जातो. त्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: इंजिन बंद ठेवून वरचं झाकण काढा, लिव्हर पूर्ण पुढे ढकला आणि थ्रॉटलचा दांडा शेवटच्या अडणीला टेकतो का ते डोळ्यांनी बघा. केबल ढिली असली तर थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही आणि पंखा बदलूनही काही होत नाही.

तळाला शिंपले, शेवाळ चिकटलं असेल तर ते आधी खरवडा. उंचावरच्या तलावात चालवत असाल, तर समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद हवेच्या विरळपणामुळे कमी होते. ते इंजिनाचं दुखणं नाही, तिथे पिच कमी करावा लागतो.

पाण्यातल्या चाचणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो, याबद्दल काही जण नाराज होतात. पण चाचणीशिवाय इंजिन खोललं तर मजुरी त्याहून जास्त होते आणि दोष बहुधा सापडत नाही. निदान तुम्हाला परवडेल असं असावं, म्हणून आम्ही वेगवेगळ्या पिचचे पंखे चाचणीसाठी ठेवले आहेत. योग्य पिच सापडला की नवीन पंखा आमच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही. घेतलात तर मात्र तो बसवून पुन्हा एकदा फेरे मोजून देतो. इंजिन फेऱ्यांच्या पट्ट्यात येऊनही ताकद देत नसेल, तर कॉम्प्रेशन, इंधन आणि स्पार्क हे सगळं आम्ही तपासतो.

येताना इंजिनाचा मॉडेल नंबर, पंख्यावरचे दोन्ही आकडे, नेहमीचा भार आणि दोन्ही दिशांचे आरपीएम लिहून आणा. बोटीचा पंखा काढून आणू नका, तो बोटीवरच राहू द्या.