गॅरेजमधील डीह्युमिडिफायर

बंदिस्त गॅरेजच्या हवेतील बाष्प यंत्राने काढून तिथली सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प हवेत आहे तो आकडा) मर्यादेत ठेवण्याची पद्धत. गॅरेज म्हणजे इथे गाड्या दुरुस्त करण्याचे दुकान नव्हे, तर घरची गाडी, सायकल, हत्यारे आणि घरात न मावणारे सामान ठेवण्याचा शटरचा गाळा. मुंबईत असे गाळे दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या आवारात आणि विलेपार्ल्याच्या उरलेल्या बंगल्यांत आढळतात. नव्या इमारतींखालचे खांबांवरचे पार्किंग सर्व बाजूंनी मोकळे असते. तिथे हे यंत्र लावणे व्यर्थ.

गरज : पावसाळ्यात मुंबईची हवा बराच काळ ८५ टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्र असते. स्वच्छ लोखंडही ६० टक्क्यांच्या वर भराभर गंजू लागते, आणि मुंबईतले लोखंड स्वच्छ नसते. त्यावर खाऱ्या वाऱ्याने आणलेल्या मिठाचा थर असतो. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतून पाणी ओढून विरघळते, तर समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच. म्हणून गाडीचे तळ दिसायला कोरडे असले तरी तिथला क्षार ओलाच राहतो. जूनच्या आधी गाडीचे तळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवणे हा यंत्राइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. यंत्र ५० ते ५५ टक्क्यांवर लावावे. ४० च्या खाली नेण्यात फायदा नाही. चामडे, लाकूड सुकते आणि वीज वाया जाते.

यंत्र : मुंबईच्या उष्ण हवेला कॉम्प्रेसरचे यंत्र योग्य. त्यात पंखा हवा थंड कॉइलवर ओढतो, बाष्पाचे थेंब होऊन ते टाकीत पडतात आणि हवा गरम कॉइलवरून परत गाळ्यात येते. सिलिका जेल किंवा झिओलाइट या बाष्प शोषणाऱ्या पदार्थांचे चाक असलेले यंत्र थंड प्रदेशासाठी आहे. इथे ते वीज अधिक खाते. दोन्ही प्रकारांत गाळा तापतो. बाष्पाचे एक लिटर पाणी होताना विजेच्या सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता बाहेर पडते, शिवाय यंत्राने खाल्लेली वीजही उष्णताच होते. त्यामुळे हे यंत्र एसीसारखे गाळा गार करील ही अपेक्षा चुकीची.

किती क्षमता हवी : खोक्यावरचा ‘दिवसाला २० लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. हवा ५५ टक्क्यांवर आली की तेच यंत्र साधारण निम्मेच पाणी काढते. आता हिशेब पाहू. ५.५ × ३ × २.७ मीटरच्या गाळ्यात सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. २८ अंशाला ८५ टक्के आर्द्र हवेच्या दर घनमीटरात २३ ग्रॅम बाष्प असते, ५५ टक्क्यांना १५ ग्रॅम. म्हणजे आतल्या हवेतून काढायचे पाणी जेमतेम ३६० ग्रॅम, एक मोठा पेला. पण फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल तर दिवसाला साडेआठ लिटर पाणी आत येते. चारदा बदलत असेल तर ३५ लिटर, आणि तेवढे घरगुती यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. यंत्र लहान पडले अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा शटर मोठे दोषी असते.

फटी आणि ओल : शटरच्या खालच्या पट्टीला रबरी सील, दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये ब्रशपट्टी आणि वरच्या पेटीभोवती फोम लावावा. पत्र्याच्या पट्ट्यांचे शटर सांध्यासांध्यातून हवा सोडते. आतून जमिनीला टेकणारा जाड प्लॅस्टिकचा पडदा टांगल्यास मोठा फरक पडतो. भिंतीतली जाळी पावसाळ्यापुरती झाकावी. मात्र असा गाळा झाकल्यावर आत इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये; कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

जमिनीची ओल तपासायला ४५ सेंमी. चौरस जाड प्लॅस्टिक कोब्यावर चारही कडांनी टेपने चिकटवून १६ तास ठेवावे. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर ओल खालून चढते आहे. ती वॉटरप्रूफिंगनेच थांबते. पावसातून आलेली गाडी निथळू द्यावी, फडक्याने पुसावी, मगच शटर ओढावे. दहा चौरस मीटर पत्र्यावर ०.१ मिमी. पाणी राहिले तरी तो एक लिटर होतो.

बसवणे : यंत्र जमिनीपासून निदान ४५ सेंमी. उंच, पक्क्या लोखंडी स्टँडवर ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते आणि यंत्रातल्या रिलेची ठिणगी तिला पुरते. शिवाय सखल भागात पाणी शिरल्यास यंत्र वाचते. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती शोधेपर्यंत यंत्र बंद. काही यंत्रांत कॉइल थंड करणारा आर-२९० हा गॅस म्हणजे प्रोपेन, तो ज्वालाग्राही. त्याच्या यंत्रावर लिहिलेले किमान खोलीचे क्षेत्रफळ वाचूनच ते घ्यावे. भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या प्लगला थेट जोडावे, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असावा, एक्स्टेंशन टाळावे. गाडीतून आडवे आणले असल्यास एक दिवस उभे ठेवून मगच सुरू करावे, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल परत खाली उतरते. वीज जाऊन आल्यावर निदान तीन मिनिटे थांबावे.

टाकीपेक्षा नळी बरी. ती सतत उताराने न्हाणी ट्रॅपपर्यंत न्यावी. मध्ये एक जरी वळसा वर गेला तरी पाणी मागे तुंबते. टाकीच वापरायची तर रोज ओतावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. हे पाणी डिस्टिल्ड समजून गाडीच्या बॅटरीत घालण्याची चूक अनेक जण करतात. त्यात कॉइलचे धातू आणि धूळ असते. फरशी पुसायला ते चालते.

बिघाड : फिल्टर धुळीने भरला की हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो, पावसाळ्यात तो पंधरवड्याला धुवावा. फिल्टर साफ असूनही बर्फ धरत असेल किंवा पाणीच येत नसेल तर गॅस गळाल्याची शंका घ्यावी. किनाऱ्याजवळ खारी हवा कॉइलच्या ॲल्युमिनियम पात्यांना खाते. टाकी रिकामी असूनही ‘भरली’ दिवा लागत असेल तर शेवाळाने फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता भाग) अडकलेला असतो. यंत्राचा स्वतःचा आकडा त्याच्याच कोरड्या झोताजवळचा असतो, म्हणून वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) दूरच्या कोपऱ्यात टांगावा. तो खरा आहे का हे पाहायला बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन दोन्ही घट्ट पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जो फरक दिसेल तो पुढे वजा-अधिक करावा.

हंगाम आणि खर्च : ३५० वॉटचे यंत्र दिवसात १२ तास चालले तर ४.२ युनिट वीज लागते. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ते हवे. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी नुसते शटर उघडले तरी काम होते. बंद करताना टाकी पुसून काही तास फक्त पंखा चालवावा, कॉइल वाळल्यावर कापडाने झाकून यंत्र उभेच ठेवावे. लहान पेटीतल्या पान्यांना किंवा कॅमेऱ्याला यंत्राची गरज नाही, सिलिका जेल पुरते. ते रंग बदलल्यावर १२० अंशाला दोन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात चालतात. गॅरेजमध्ये मात्र ते लवंडले तर सांडलेले खारे पाणी लोखंडाला ओलाव्याहून अधिक घातक ठरते.