सलूनला जाण्याआधी आठ पानं

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचे केस कापून आणणं हे कित्येक घरांत महिन्यातलं सगळ्यात अवघड काम असतं. मशीनची घरघर, गळ्याभोवती आवळलेलं कापड, अचानक अंगावर येणारा पाण्याचा फवारा, मानेला टोचणारे केस. पुढच्या क्षणी काय होणार हेच कळत नसेल, तर यातली प्रत्येक गोष्ट हल्ल्यासारखी वाटते.

म्हणून काय काय होणार ते मुलाला आधीच दाखवणारं आठ पानांचं छोटं फोटोपुस्तक करायचं. असं पुस्तक दुकानात शोधण्यापेक्षा घरी बनवलेलं बरं. ही पद्धत कॅरोल ग्रे यांची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शिक्षिका असताना, १९९०-९१च्या सुमारास, त्यांनी ‘सोशल स्टोरी’ लिहायला सुरुवात केली. प्रसंगात काय घडतं, कोण काय करतं आणि का करतं, एवढं शांतपणे आणि खरंखुरं सांगायचं. मुलाने काय करावं हे सांगणारं एक वाक्य असेल, तर नुसतं वर्णन करणारी निदान दोन वाक्यं हवीत, असा त्यांचा दंडक आहे. घरची पुस्तकं बहुतेक इथेच फसतात. ‘नीट बस. हलू नकोस. रडायचं नाही.’ ही गोष्ट नव्हे, दटावणी झाली.

त्याऐवजी असं लिहा: ‘माझे केस वाढतात. सगळ्यांचेच वाढतात.’ पुढच्या पानावर, ‘केस वाढले की मी बाबांबरोबर सलूनमध्ये जातो. कधी कधी थोडं थांबावं लागतं.’ मग, ‘काका अंगावर कापड टाकतात. त्यामुळे केस शर्टात जात नाहीत.’ मग, ‘मशीनचा घर्रर्र आवाज येतो. आवाज मोठा वाटला तर मी कानांवर हात ठेवू शकतो.’ ‘अजिबात दुखणार नाही’ असं मात्र चुकूनही लिहू नका. काही मुलांना कातरीचा स्पर्श खरोखर त्रासदायक वाटतो, आणि पुस्तक एकदा खोटं ठरलं की पुढच्या पुस्तकावरही विश्वास बसत नाही. ‘मानेला केस टोचतात. बाबा ब्रशने झाडून टाकतात’ हे खरं आहे, तेच लिहावं. शेवटी आइस्क्रीमचं पान घालणार असाल तर आइस्क्रीम मिळालंच पाहिजे.

मराठीत एक पेच आहे, तो इंग्रजी नमुन्यांत सापडणार नाही. आई दिवसभर ‘मी जाते, मी करते’ म्हणते. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलणारा मुलगाही मग ‘मी जाते’ म्हणतो. ‘तुला पाणी हवंय?’ हे वाक्य तर पाणी मागण्यासाठीच वापरतो. म्हणून पुस्तक मुलाच्या तोंडचं, त्याच्या किंवा तिच्या लिंगाप्रमाणे लिहायचं: ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’. भाषाही घरात बोलतात तीच हवी. घरी ‘पायजे’ म्हणत असाल तर ‘पायजे’ लिहा, पुस्तकी ‘हवे आहे’ नको. ‘डोळ्यात तेल घालून बघ’ असले वाक्प्रचार पूर्ण टाळा. शब्दशः अर्थ घेणारं मूल खरंच तेलाला घाबरेल.

फोटो त्याच सलूनचे, त्याच खुर्चीचे काढा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा काकांना विचारून जा. मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, कारण त्याला दुकान तिथूनच दिसतं. एका फोटोत एकच मुख्य वस्तू हवी. मागे कॅलेंडर, पंखा, टीव्ही दिसत असेल तर कापून टाका, नाहीतर मूल पानभर फक्त पंखाच बघत बसतं.

ए-फोर कागद अर्धा करा, प्रत्येक पानावर १०×१५ सेंमीचा एक फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात एक-दोन वाक्यं. लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं आणि शक्यतो मॅट घ्यावं. चकचकीत पानावर ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसेनासं होतं. कापताना कागदाभोवती ३ ते ५ मिलिमीटर प्लास्टिक सोडा. अगदी कडेने कापलं की थुंकी आत शिरते आणि आठवड्यात पान सुटतं. कोपरे गोल करा, ते बोचतात. डावीकडे अडीच सेंमी जागा ठेवून भोकं पाडा आणि उघडणाऱ्या रिंगा घाला.

जायच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज एकदा वाचायचं, तेही मूल निवांत असताना. रडारड सुरू झाल्यावर पुस्तक पुढे धरलं तर पुस्तकाचीच भीती बसते. समोर नको, शेजारी बसा. दर पानावर ‘हे काय? हे कोण?’ विचारू नका. वाक्य वाचा आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प राहा. बोट ठेवणं, हसणं, पान उलटणं हे सगळं उत्तरच आहे.

या पद्धतीचा गुण प्रत्येक मुलाला सारखा येत नाही. ज्याला अजून फोटोतून वस्तू कळत नाही, त्याच्या हातात आधी खरा कंगवा आणि कापड द्या (कातरी नको), घरीच खेळू द्या.

मुलाला बोलून सांगता येत नसेल, तर रोजच्या बोलण्यासाठी चित्रकार्डं लागतात. स्पेनमधल्या आरासाक या संग्रहात हजारो चित्रं मोफत मिळतात, खाली मराठी शब्द आपण लिहायचा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतही. चित्रांमुळे मूल बोलणं सोडून देईल ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलं आणखी मागे पडतात, हेही दिसलेलं नाही. तरीही ‘शाळा इंग्रजी आहे, घरी मराठी बंद करा’ असा सल्ला पालकांना अजून मिळतो. आजी-आजोबांशी मराठीत चालणारं घर त्या सल्ल्याने मुलाभोवती मुकं होतं, याचं फार वाईट वाटतं.

अवघड प्रसंगांइतकीच पुस्तकं मुलाला छान जमणाऱ्या गोष्टींचीही करा. ग्रे यांचाही तोच आग्रह आहे. ‘मी चपला जागेवर ठेवतो’ हे चार पानांचं पुस्तकही पुरतं. मूळ फोटो जपून ठेवा. काकांनी दुकानात नवी खुर्ची आणली की रिंग उघडून तेवढं एकच पान बदलायचं, आणि जायच्या आधी ते मुलाला दाखवायचं.