कोरांतँ आणि कांतँ: यमक जुळलं, कूळ नाही

2018च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने उत्तरार्धात तोलिसोला बदली खेळाडू म्हणून उतरवलं. त्याचं पहिलं नाव कोरांतँ. फ्रेंच नुकतंच शिकायला लागलेल्या माणसाला हे नाव कागदावर दिसलं की हमखास वाटतं, हे कांतँचंच लांबवलेलं रूप. वाटणारच, दोन्हींची शेवटची पाच रोमन अक्षरं तीच. (कांतँ म्हणजे इंग्रजीच्या सवयीने आपण ज्याला क्वेंटिन म्हणतो तो.)

आधी उच्चार. 'कां'तला न जिभेने दाताला लावायचा नाही, नुसता नाकातून सोडायचा. कोकणीतलं 'हांव' जमत असेल तर हेही जमेल.

कांतँचं कोडं चटकन सुटतं. मूळ लॅटिन क्विंतुस, म्हणजे पाचवा. क्विंतुस, सेक्स्तुस अशी आकड्यांवरून नावं ठेवायची रोमन लोकांची पद्धतच होती. लॅटिनचं क्विंक्वे आणि संस्कृतचं पञ्च मुळात एकच, तेव्हा कांतँला 'पंचम' म्हटलं तर चुकणार नाही. आख्यायिकेप्रमाणे या नावाचा रोमन धर्मप्रचारक उत्तर फ्रान्समध्ये मारला गेला आणि सोम नदीकाठच्या सँ-कांतँ शहराला त्याचं नाव मिळालं.

कोरांतँ मात्र ब्रिटनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाचा. ब्रेटन भाषेत त्याला काउरिंतिन म्हणतात, आणि या रूपात पाचाचा मागमूसही नाही. नावांच्या पुस्तकांत 'वादळ' असा अर्थ सापडतो. त्याचा आधार एवढाच की ब्रेटनमध्ये वादळाला कोर्वेंतेन म्हणतात. मला हा अर्थ ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो. नावाला वजन आलं ते संतामुळे.

संत कोरांतँ मेनेझ-ओम डोंगराच्या पायथ्याशी एकटा राहायचा. त्याच्या झऱ्यात एक मासा होता. रोज त्याचा एक तुकडा कापून घ्यायचा, मासा परत पाण्यात सोडायचा. दुसऱ्या दिवशी मासा पुन्हा अख्खा. एकदा शिकारीत भुकेजलेला राजा ग्राद्लाँ लवाजम्यासह दारात आला आणि तेवढ्या एका तुकड्यात सगळ्यांचं पोट भरलं. द्रौपदीची थाळी आठवली ना? राजाने त्याला ब्रिटनीतल्या कँपेर शहराचा बिशप केलं. तिथलं कॅथेड्रल आजही त्याच्याच नावाचं आहे, आणि चित्रांत-मूर्तींत हा संत ओळखायचा तो जवळच्या माशावरून.

सणही वेगळे: कांतँचा 31 ऑक्टोबरला, कोरांतँचा 12 डिसेंबरला. कोरांतँवरून मुलीचं कोरांतीन होतं.

आता हे नाव ब्रिटनीपुरतं उरलेलं नाही. तोलिसोचे वडील टोगोचे. पॅरिस मेट्रोत तर या नावाची दोन स्थानकं आहेत. ईशान्येला 7 नंबरच्या मार्गावर कोरांतँ कारिऊ, नैऋत्येला 12 नंबरवर कोरांतँ सेल्ताँ. ज्यांची नावं स्थानकांना दिली ते दोघेही मूळचे ब्रिटनीचे, दोघेही कम्युनिस्ट. जर्मनांनी एकाला 1942 साली गोळ्या घातल्या, दुसऱ्याला 1943 साली. त्यामुळे मेट्रोत वाट विचारताना नुसतं कोरांतँ म्हणून भागत नाही, आडनावही सांगावं लागतं.