काच न फोडता काचेच्या पोटात

कळंगुट-बागा भागातल्या भेटवस्तूंच्या दुकानांत काचेचे ठोकळे दिसतात. आत मंगेशीची दीपमाळ किंवा जुन्या गोव्यातलं चर्च, बाहेरून काच गुळगुळीत. चित्र आधी ठेवून वरून काच ओतली, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात आतला प्रत्येक पांढरा ठिपका ही लेझरने पाडलेली बारीक तड असते. असा ठोकळा कुणी ‘सकारात्मक ऊर्जेचा स्फटिक’ म्हणून गळ्यात मारू लागला तर एवढंच लक्षात ठेवा: त्यात ऊर्जा शिरली ती दर ठिपक्याला काही नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), आणि तिने केल्या त्या तडाच.

हे काम सहसा नॅनोसेकंद लेझरचं. खरी गंमत त्याहून सुमारे लाखपट आखूड, म्हणजे १०० फेमटोसेकंदांच्या स्पंदात, प्रकाशाच्या क्षणिक झटक्यात, आहे (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग). एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३० हजारांश, सरकतो. स्पंदाची ऊर्जा फक्त ०.२ मायक्रोज्यूल धरली तरी शक्ती २ मेगावॅट होते. ती २ मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर एकवटली की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० लाख कोटी वॅट!

काच पारदर्शक का? तिच्यातला इलेक्ट्रॉन सुटायला सिलिका काचेत सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या कणाकडे, असते १.५५. एकटा फोटॉन काही करू शकत नाही. सहा जण एकदमच आले तर इलेक्ट्रॉन सुटतो. म्हणून सुटण्याचा वेग तीव्रतेच्या सहाव्या घातावर चालतो. तीव्रता निम्मी केली की तो ६४ पटींनी घटतो. काचेच्या पृष्ठभागावर झोत पसरलेला असल्याने तिथे काहीच घडत नाही, झोत जिथे एकवटतो त्या नाभीच्या गाभ्यातच घडतं. सुटलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या क्षेत्रात वेग घेतात, इतरांना धडकून आणखी सोडवतात, आणि स्पंद संपण्याआधीच तिथे प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांची दाट गर्दी, तयार होतो. घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.७ × १०²¹ इलेक्ट्रॉनांवर गेली की हा प्लाझ्मा आरशासारखा वागून स्पंदाची शेपटी परतवू लागतो. अणूंच्या जाळीला उष्णता पोचते ती नंतर, काही पिकोसेकंदांनी (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद). तोवर लेझर थांबलेला असतो, म्हणून आजूबाजूची काच फारशी तापत नाही.

बिघडतं कुठे? शक्ती २-३ मेगावॅटच्या पुढे नेली तर काच स्वतःच भिंगासारखी झोत आवळते आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघ उमटते. १० फेमटोसेकंदांचा स्पंद हवा म्हणाल, तर १ सेंटिमीटर सिलिकातच तो पसरून १००च्या आसपास जातो. म्हणून या पसरण्याला काट देणारा उलटा ताण आधीच देऊन तो पाठवावा लागतो. स्पंद मुद्दाम ताणून, त्याची ऊर्जा वाढवून, पुन्हा आवळण्याची युक्ती १९८५ची, डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांची. या युक्तीसाठी दोघांना २०१८च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

चष्मा घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, सुमारे १०० मायक्रॉन जाडीची झडप कापतात, ती बऱ्याचदा याच तंत्राने. ‘लेझर डोळा जाळतो’ ही भीती इथे लागू नाही. मात्र सेकंदाला दहा लाखांच्या घरात स्पंद एकाच जागी मारले, तर दोन स्पंदांमध्ये उष्णता निघून जात नाही, साचत जाते. मग काच वितळते आणि फेमटोसेकंदांचा फायदा हातचा जातो.