औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी आणि मांस

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं एक लहानसं गाव आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नव्या दवाखान्यातले डॉक्टर कुपोषित मुलांच्या घरच्यांना चिठ्ठी लिहून देत, ती दूध, भाजी आणि मांसाची. आसपासचे कृष्णवर्णीय किराणा दुकानदार ती चिठ्ठी पाहून माल देत आणि पैसे दवाखान्याच्या औषधखात्यातून चुकते होत. निधी देणाऱ्या सरकारी यंत्रणेला हे कळलं तेव्हा आक्षेप आला: औषधांचा पैसा औषधांवरच खर्च व्हायला हवा. दवाखान्याचे एक संस्थापक डॉ. जॅक गायगर यांनी दिलेलं उत्तर पुढे फार गाजलं. आपल्या वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर अन्न हाच उपचार सांगितलेला आहे, असं ते म्हणाले.

आरोग्यातल्या न्यायाबद्दल बोलताना ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे श्वेतवर्णीय मातांचे १४.५ मृत्यू झाले, तर कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. पण गायगरांपाशी सुरू करून गायगरांपाशीच संपवली, तर ही गोष्ट अर्धीच राहते. ज्या प्रदेशात कृष्णवर्णीय माणसाला मतदानासाठी नाव नोंदवणंही जिवावर बेतत होतं, तिथे चिठ्ठी घेऊन माल देणारे कृष्णवर्णीय दुकानदार आले कुठून?

माउंड बायू वसवलं गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी, १८८७ साली. आयझाया माँटगोमेरी आणि बेंजामिन ग्रीन हे दोघे चुलतभाऊ त्यात पुढे होते. दलदल आणि जंगल तोडून त्यांनी स्वतःचं गाव उभं केलं. दुकानदार आपलेच, नगराध्यक्षही आपलाच. १९४२ साली तिथे टॅबोरियन इस्पितळ उभं राहिलं, तेही सभासदांच्या वर्गणीतून. ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टॅबोर’ या मंडळाचे सभासद बहुतेक अर्धेलीने कापूस पिकवणारे शेतकरी. त्यांच्या थोडक्या वर्षवर्गणीत इस्पितळातले दिवस आणि शस्त्रक्रिया असं सगळं बसत असे. पहिले मुख्य शल्यविशारद डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. इतरत्र कृष्णवर्णीय रुग्णांना मागच्या दाराने आत शिरावं लागे आणि तळघरातल्या खाटेवर समाधान मानावं लागे. इथे ते समोरच्या दाराने आत येत. त्या दाराचं मोल मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पाणवठ्याचा आणि देवळाच्या दाराचा लढा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला आहे.

इतरत्र परिस्थिती अशी का होती, याचं उत्तर कायद्यातच होतं. १९४६च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळं बांधायला केंद्राचा पैसा दिला, आणि ‘वेगळं पण समान’ या नावाखाली वर्णभेदालाही मुभा दिली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध कोर्टात गेले. १९६३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९६६मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली आणि भेदभाव करणाऱ्या इस्पितळाला तिचा पैसा मिळणार नाही अशी अट आली, तेव्हा अनेक इस्पितळांतल्या वेगळ्या खोल्या काही महिन्यांत एक झाल्या. डॉक्टरांची वाणही मुद्दाम घडवलेली होती. वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच वैद्यकीय शाळा बंद पडल्या. उरल्या वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी.

माउंड बायू ज्या भागात आहे त्या मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशातल्याच, पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात उतरलेल्या फॅनी लू हेमर १९६१ साली गाठ काढायला इस्पितळात गेल्या आणि त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकण्यात आलं. हे इतकं सर्रास चाले की अशा शस्त्रक्रियेला ‘मिसिसिपी अपेंडेक्टॉमी’ म्हणत. हेमर यांनी ते जाहीरपणे सांगितलं. स्वतःच्या शरीराबद्दल असं चारचौघांत बोलायला केवढं धैर्य लागलं असेल!

१९६४च्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी देशभरातून तरुण मिसिसिपीत आले, त्यांच्यामागे डॉक्टरही आले. गायगर त्यांतले एक. दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क यांचं आरोग्य केंद्र त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिलं होतं. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठामार्फत सरकारी निधी मिळाला आणि १९६७ साली माउंड बायूत डेल्टा आरोग्य केंद्र, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो दवाखाना, सुरू झालं. पण माझ्या मते या कामाचा कणा होते जॉन हॅच. हे कृष्णवर्णीय समाजसंघटक गावोगाव बैठका घेत हिंडले. लोकांनी दवाखान्याच्या आधी अन्न, काम आणि पाणी मागितलं. कापूस वेचणारी यंत्रं आली होती, मजुरांच्या हातचं काम गेलं होतं आणि पोरं उपाशी होती. मग केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. उपाशी कुटुंबांनी मिळून सहकारी शेती उभी केली आणि कापसाच्या मुलखात भाजीपाला पिकू लागला. अर्धेलीच्या शेतावर वाढलेल्या एल. सी. डॉर्सी या कामात आल्या आणि पुढे याच केंद्राच्या संचालक झाल्या. त्या नमुन्यावर उभ्या राहिलेल्या केंद्रांत आज देशभरात ३ कोटींहून अधिक लोक उपचार घेतात.

शहरांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने १९७०पासून शाखाशाखांतून मोफत दवाखाने काढले आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या सुरू केल्या. १९७२ साली त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी आली. त्याच वर्षी सिकलसेलवर केंद्राचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी टस्कीगीचा प्रयोग उघडकीला आला. त्यात सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना ४० वर्षं उपचारांविना ठेवलं होतं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. १९७२ हेच मुंबईत दलित पँथर स्थापन झाल्याचं वर्ष. नाव तिथून घेतलं, बंडाची भाषाही आपल्याकडे पोचली. पँथरच्या दवाखान्यांची हकीकत मात्र मराठीत फारशी आली नाही, याची मला खंत वाटते. कारण सिकलसेल विदर्भातल्या आणि नंदुरबारमधल्या आदिवासी घरांत आहे, विदर्भातल्या दलित वस्त्यांतही आहे.

१९६७ साली टॅबोरियन आणि गावातलं दुसरं इस्पितळ एकत्र करून त्याला नवं नाव देण्यात आलं. १९८३मध्ये ते बंद पडलं. डेल्टा आरोग्य केंद्र अजून चालू आहे. फॅनी लू हेमर यांचा मृत्यू १४ मार्च १९७७ रोजी झाला, माउंड बायूच्या त्याच इस्पितळात.